शिस्तीचा उंदीर

मी भरलेलं भोक दुसऱ्या दिवशी मलाही सापडत नाही. यात थोडी बढाई आहे, मान्य. पण गोखिवऱ्याच्या एका फर्निचरच्या गाळ्यात चौदा वर्षं फिनिशिंगला काढल्यावर एवढं बोलायचा हक्क माणसाला मिळतो. सुतार कपाट उभं करून मोकळा होतो. खिळ्यांची भोकं, सांध्यांतल्या फटी, निखळलेल्या गाठी, हे सगळं आमच्या वाट्याला येतं. बाजारात वुड फिलर म्हणून डबा मिळतो, गाळ्यात आम्ही त्याला लांबीच म्हणतो. ती पत्तीने दाबून भरायची आणि भरताना केसभर उंच ठेवायची, कारण वाळली की ती खाली बसते. मग काचकागद. आणि सगळ्यात शेवटी डोळे मिटून अंगठा फिरवायचा. डोळा रंगाला भुलतो, अंगठा भुलत नाही. अंगठा कुठेही न अडखळता पलीकडे गेला की काम झालं.

हे एवढं सविस्तर सांगण्याचं कारण असं की याच कौशल्यापायी गेल्या वर्षी मी माझ्या आईचं घर जवळजवळ घालवलं होतं.

आई नालासोपाऱ्यात एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर राहते. वडील गेल्यापासून एकटीच. संध्याकाळी वाडीवरून मोगरा येतो, ती दारात बसून गजरे ओवते, आणि अर्ध्या इमारतीच्या बायका तिथे उभ्या राहून आपापल्या घरातल्या तक्रारी ओतून जातात. माझा धाकटा भाऊ पुण्याला, अकराव्या मजल्यावर. मनाने चांगला आहे. फक्त त्याला काळजी वाटू लागली की तो हुकूम सोडतो. दिवाळीत तो आला तेव्हा न्हाणीघराच्या दाराची कडी त्याच्या हातात आली. कडी का आली म्हणून वाकून पाहिलं, तर चौकटीचा खालचा भाग चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा झालेला.

"ताई, हे घर आता राहण्यासारखं उरलेलं नाही," तो म्हणाला. "मी आईला घेऊन जातो. विषय संपला."

तो गाडीत सामान ठेवायला गेल्यावर आईने माझं मनगट धरलं. "बाय, मला तिकडं नको धाडू. हितं मला सगळं हाताखाली हाय. तिकडं मी कोनाकोनाला विचारत बसू?"

आईने माझ्याकडे कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. मला राग येतो तो असा, सरळ पायातून वर. मी बाहेर गेले आणि गाडीच्या खिडकीत वाकून भावाला म्हणाले, "पंधरा दिवस दे. पंधरा दिवसांनी रविवारी ये आणि घर बघ. एक जरी वस्तू मोडकी सापडली तर आईला तिथल्या तिथे गाडीत बसव. मी ब्र काढणार नाही."

"नक्की?"

"नक्की."

आई दारात येऊन उभी होती. "माझ्यावर पैज लावलीस तू?"

"तुझ्यावर कशाला लावू? माझ्या हातावर लावलीय," मी म्हटलं. तेव्हा हे वाक्य मला फार आवडलं होतं.

दोन्ही शनिवारी सुट्टी घेतली. न्हाणीघराच्या चौकटीचं कुजलेलं लाकूड पटाशीने खरवडून पार कोरड्या, टणक लाकडापर्यंत गेले. नव्वद टक्के लोक इथेच चुकतात, ओल्यावरच लांबी थापतात आणि महिन्याने ती पोपडा होऊन हातात येते. कडीच्या स्क्रूची भोकं मोठी झाली होती, त्यात गोंदात बुडवलेल्या काडेपेटीच्या काड्या ठोकल्या आणि वाळल्यावर नवे स्क्रू पिळले. टेबलाचा उडालेला कोपरा भुसा आणि गोंद कालवून बांधून काढला. दारावर जुन्या कॅलेंडरांच्या खिळ्यांची भोकं होती, ती मोजून एकवीस भरली. आई मागे मागे फिरत होती. कौतुक करतेय असं मला वाटत होतं.

शेवटी राहिली स्वयंपाकघरातली फळी. ओट्याच्या वर, भिंतभर लांब, सागाची. वडिलांनी बसवलेली. तिच्यावर आईचे एकाच मापाचे डझनभर स्टीलचे डबे. डबे खाली उतरवले तर फळीची कड कुरतडलेली दिसली. एका जागी एक खाच, थोडं पुढे दोन जवळजवळ, आणि त्याच्याही पुढे तीन.

"हे काय गं?"

"उंदीर," आई म्हणाली. "झालेत मेले हल्ली."

"भलताच शिस्तीचा उंदीर आहे तुझा. एक, दोन, तीन! शाळेत गेलेला दिसतो."

आई हसली नाही. "ऱ्हाऊ दे ती फळी. डब्यांना वास लागंल."

"कोण बघतं तिकडे, असं म्हणू नकोस. तुझा मुलगा आधी तिथेच बघेल."

"अगं, ऱ्हाऊ दे म्हनते ना."

पण माझ्या अंगात वारं शिरलं होतं. लांबीत चिमूटभर गेरू आणि पिवडी घालून सागाचा रंग असा जुळवला की सुतारालाही फसवावं. लांबीचे दोन थर भरले, काचकागद मारला, डोळे मिटून अंगठा फिरवला. लोण्यावरून फिरल्यासारखा गेला. डबे घासून पुसून होते त्याच क्रमाने, पण सारख्या अंतरावर सरळ रेषेत लावले. घरात वास भरला होता म्हणून आईला रात्री माझ्याकडे मुक्कामाला नेलं. ती जेवली नाही धड. उद्याची धाकधूक असेल, असं मी धरून चालले.

रविवारी भाऊ आला. मोबाइलचा टॉर्च लावून त्याने चौकट पाहिली, कडी चार वेळा लावून काढली, टेबलाला धक्के दिले. फळीखालीही वाकला. मी हाताची घडी घालून उभी. मला हसू दाबणं कठीण जात होतं.

"मानलं ताई," तो शेवटी म्हणाला. "आई, चहा तरी कर. हरल्याचा."

आई ओट्याशी गेली. आधण ठेवलं. मग तिचा हात वर गेला आणि अंगठा फळीच्या कडेवरून सरकू लागला. सरकत टोकापर्यंत गेला, थांबला, मागे आला. पुन्हा पुढे गेला. तो अंगठा मी ओळखला. रोज गाळ्यात माझा फिरतो तसाच तो फिरत होता. फरक एवढाच की मी अंगठ्याने काही नाही ना ते बघते, आणि ती काहीतरी शोधत होती. आईने एक डबा उचलला, क्षणभर घुटमळली, आणि त्यातले चार चमचे आधणात टाकले.

चहा झाल्यावर भावाने घोट घेतला आणि त्याचा चेहरा वाकडा झाला. "आई! मीठ?"

आईचा हात पुन्हा फळीच्या कडेकडे गेला.

"माझी चूक," मी म्हटलं. "काल डबे उतरवले तेव्हा अदलाबदल झाली माझ्याकडून." इतकं सफाईदार खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते. भाऊ काहीतरी विचारणार होता, पण तेवढ्यात बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न धरला. भावाची गाडी आडवी लागली होती. तो चावी घेऊन पळाला.

मी दार लोटलं. "आई, माझ्याकडे बघ. काय दिसतं?"

"तू."

"नीट सांग."

तिने मान जराशी बाजूला कलती केली. मग म्हणाली, "केस दिसतात तुझे. खांदे दिसतात. मधी पुसल्यासारखं हाय."

माझा चेहरा तिला दिसत नव्हता. दोन वर्षं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे ती एकटीच रिक्षा करून जाऊन आली होती. पडदा मधोमध झिजलाय, चालता-फिरता येईल, पण बारीक दिसायचं नाही, असं त्यांनी सांगितलं होतं. गजरे ती बोटांनी ओवत होती. आणि उंदीर तीच होती. कोयत्याच्या टोकाने एक खाच मिठाला, दोन साखरेला, तीन चहाच्या पावडरीला.

"मला का नाही सांगितलंस?" मी ओरडलेच.

"तुला सांगितलं असतं तर तूच आदी त्याला फोन लावला असतास."

लावला असता. म्हणून तर मला रडू आलं, आणि रडू आलं याचाही राग आला. तिला हाताखाली लागत होतं ते सगळं मी काचकागदाने घासून टाकलं होतं, तिच्यासमोर, ती नको म्हणत असताना.

पिशवीतून पटाशी काढली. "मीठ कुठे होतं?"

तिने अंगठा ठेवला. "हितं. नाय, बोटभर अलीकडं."

माझी भरलेली लांबी काही सुखासुखी निघेना. स्वतःच्याच कामाला शिव्या देत मी ती उकरत होते. एक, दोन, तीन. आई प्रत्येक खाचेवर अंगठा फिरवून बघायची. "उंदराचा हात साफ होता तुझ्यापरीस," ती म्हणाली, आणि रडत होते तरी मी हसले.

मग ती हळूच म्हणाली, "त्याला नको सांगू."

"सांगणार. चहाच्या वेळी एकदा खोटं बोलले, दुसऱ्यांदा नाही बोलणार. आणि उद्या तुला काही झालं तर मी एकटीने काय करू?"

"मग मला जावं लागनार पुन्याला."

"ते त्याला ठरवू दे. पैज मी लावलीय."

आई ओट्याला धरून उभी राहिली. तिचा हात फळीवरून निघाला नाही.

भाऊ घाम पुसत आत आला आणि फळीकडे बघतच राहिला. ओट्यावर लांबीचे तुकडे पडले होते. "ताई, हे काय फोडून ठेवलंस?"

"ही मोडकी वस्तू," मी म्हणाले. "तू जिंकलास." आणि सगळं सांगितलं. पडदा, खाचा, मीठ, माझं खोटं.

तो खुर्चीत बसला. चेहरा आधी पांढरा, मग लाल. आमच्या घरात राग सगळ्यांना एकाच रस्त्याने येतो. "दोन वर्षं? आई, तू एकटी गॅस पेटवतेस? गॅस! अगं, कळतंय का तुला?"

आईने खारट चहा मोरीत ओतला, पातेलं विसळलं, नवं आधण ठेवलं. अंगठा फळीवरून सरकला, एका खाचेवरून पुढे गेला, दोन खाचांवर थांबला. डबा खाली आला. मग तीन. भाऊ अर्धवट उठला होता, मी त्याचा दंड धरून ठेवला. चहा उकळल्याचं तिने कान देऊन ऐकलं. दूध घातलं. कप भरताना काठावर बोट धरलं आणि बोटाला चटका बसायच्या आत पातेलं सरळ केलं. एक थेंब सांडला नाही. कप तिने स्वतः आणून त्याच्यापुढे ठेवला आणि पदराला हात पुसत उभी राहिली, परीक्षेचा निकाल ऐकायला उभं राहावं तशी.

तो चहा पीत होता. कप रिकामा झाल्यावर तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, गॅसच्या बटणाला पण एक खाच कर. बंद कुठे होतं ते हाताला कळेल अशी."

"ती हाय," आई म्हणाली. "हात लावून बघ."

मी दोन शनिवार त्या घरात काढले होते, पण लाकूड तेवढंच बघितलं होतं. प्लास्टिकच्या बटणाकडे माझं लक्षही गेलं नव्हतं. भाऊ उठून ओट्याशी गेला आणि बटणावर अंगठा ठेवला. खाच होती. त्याने बटण फिरवलं, परत बंदवर आणलं. मग डोळे मिटले आणि पुन्हा एकदा फिरवून बंदवर आणलं.

"आई," डोळे मिटलेलेच ठेवून तो म्हणाला, "बाकीच्या कुठे कुठे आहेत ते मला दाखव."