विलायती बोलपटाचा खरा शेवट

मैत्रिणींनो, आपल्या मंडळाच्या वहीत हे आजच लिहिते. उद्या धीर होणार नाही.

परवा खामगावच्या टॉकीजमध्ये यजमानांबरोबर विलायती गाण्यांचा बोलपट पाहिला. मला इंग्रजी येत नाही, ते अर्थ सांगत होते. गाणारी बाई नवऱ्याला सोडून नाटक कंपनीत जाते आणि शेवटी माफी मागून परतते, असं त्यांनी सांगितलं.

"मग ती हसून काऊन राह्यली?" मी विचारलं.

"गोऱ्या बाया रडतानाही हसतात," ते म्हणाले.

आज दुपारी हौसेनं पुन्हा गेले, मिशनच्या शाळेत शिकलेल्या शांताबाईंसोबत. दिग्दर्शकाची करामत अशी, की बाई खोलीत गाऊ लागते, तेच गाणं जिन्यावरची मोलकरीण उचलते, मग रस्त्यातला दूधवाला, आणि कॅमेरा गाण्याच्या मागोमाग चालतो. शेवटी तो पुन्हा त्या गाणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर थांबतो.

"आता माफी मागते ना?"

"नाही वो," शांताबाई म्हणाल्या. "मी इथंच राहीन आणि गाईन, म्हणते."

तिचं हसू सुटकेचं होतं.

घरी येऊन यजमानांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "तुले गाण्याचा नाद आहे. म्हणून तसं सांगतलं."

रोज संध्याकाळी ते इंग्रजी वर्तमानपत्र मला मराठीत सांगतात. सात वर्षं जगाच्या बातम्या मी त्यांच्याच तोंडून ऐकल्या. त्यांतल्या किती खऱ्या होत्या, हे आता कोणाला विचारू?