भाऊसाहेबांचा एकमेव अर्ज

सोलापूर जिल्ह्यात आजवर खनिज तेलाची एकही विहीर खोदली गेलेली नाही. तरी आमच्या जिल्हा कचेरीच्या खनिज शाखेतल्या वेणीमाधव भाऊसाहेबांना तेल आणि वायूचा सगळा कायदा तोंडपाठ. त्यांचं टेबल वाळू-मुरमाच्या परवान्यांचं. पण एकोणतीस वर्षं त्यांनी तेलक्षेत्रांच्या नियमांचं पुस्तकही सांभाळलं. दुरुस्ती आली की तिची चिठ्ठी कापायची आणि खळीनं बरोबर त्या ओळीवर चिकटवायची. २०२५ साली कायदाच बदलला. खाणपट्ट्याच्या जागी 'पेट्रोलियम पट्टा' आला, तुरुंग जाऊन लाखांचे दंड आले. भाऊसाहेब दिवसभर चिकटवत होते. संध्याकाळी त्यांनी सगळ्या शाखेला भजी खाऊ घातली.

निवृत्तीला पाच दिवस उरले होते आणि खंत एकच होती. या पुस्तकातलं एकही कलम कधी वापरायला मिळालं नव्हतं.

सोमवारी मोहोळकडच्या एका वस्तीवरून कुंडलिक नावाचे शेतकरी आले.

"माझ्या बोअरमदनं गॅस निघतुया. काडी लावली की भडकतुया. दोन एकराचा पट्टा करून द्या."

भाऊसाहेब उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. "आधी काडी लावणं बंद करा," ते म्हणाले आणि आवक नंबर स्वतःच्या हातानं टाकला. "कुंडलिकराव, जमीन तुमची, पण खालचा वायू सरकारचा. पट्टा सरकारच देतं."

"मग द्या की! त्येच मागाय आलोय."

मंगळवारी जागेची पाहणी. मी भूगर्भशास्त्र शिकून इथं कंत्राटावर लागलेलो, म्हणून मलाही नेलं. जीपमध्ये भाऊसाहेब चक्क शीळ घालत होते. बोअरजवळ गेलो तर तीन हातांवर गोबरगॅसची टाकी, आणि तिला तळापर्यंत तडा! वास घेतला आणि मला हसू आवरेना.

"म्या तवाच म्हनलं हुतं, ह्ये शेनाचं हाय," कुंडलिकची आई बजाबाई म्हणाली. "पर ह्यो आयकतुया व्हय? शेजाऱ्याला सांगत फिरला, आता विमानानं फिरनार!"

कुंडलिकचं तोंड एवढंसं झालं. "अर्ज द्या माघारी, भाऊसाहेब. फाडून टाकतो."

भाऊसाहेबांनी फाईल छातीशी धरली. "मागे घेऊ नका! मागे घेतलात तर एका ओळीत प्रकरण संपतं. नामंजूर करायचं तर कारणं लिहावी लागतात. व्याख्या, कलम, नियम, सगळं! नामंजूर करू द्या हो मला!"

"आन् लाखाचा दंड बसतुया म्हनत्यात, त्येचं काय?"

"तो विनापरवाना तेल काढणाऱ्याला. मागणाऱ्याला नाही."

"घ्या नामंजूर करून," बजाबाई म्हणाली. "येवडं म्हातारं मानूस रडकुंडीला आलंय."

पुढचे तीन दिवस भाऊसाहेब डबा खायचे विसरले. चार पानी आदेश झाला. सही करताना साहेबांनी चष्मा काढला. "शेणासाठी चार पानं?"

"साहेब, कायद्यात 'निसर्गतः आढळणारा' असे शब्द आहेत. शेण टाकीत माणसानं कालवलं. या एकाच मुद्द्यावर दीड पान गेलं."

साहेब हसत हसत सही करून मोकळे झाले.

शुक्रवारी चार वाजता कुंडलिक आदेशाची प्रत न्यायला आले. भाऊसाहेबांनी ती त्यांना उभ्यानं वाचून दाखवली, आवाज चढवत, कलमाच्या आकड्यावर थांबत. अख्खी शाखा पेन खाली ठेवून ऐकत होती. कुंडलिक तर डोळे मिटून मान डोलवत होते.

"लई भारी लिवलंय," ते शेवटी म्हणाले. "पर मला ह्ये मान्य न्हाय. अपील कुटं करायचं?"

साडेपाचला निरोप समारंभ होता. हार येऊन पडला होता. भाऊसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि नवरदेवासारखे लाजून हसले.

"बसा कुंडलिकराव," ते म्हणाले आणि कोरा कागद ओढला. "सव्वा तास आहे आपल्याकडे."