कोर्चुलाच्या धक्क्यावर फिरवलेली पाठ

क्रोएशियात एक शिडाची बोट मला धक्क्यावर सोडून निघून गेली, आणि यात बोटीची काहीच चूक नव्हती असं आमच्या घरात सगळ्यांचं मत आहे. माझं नाही.

पानिपतात माझा चादरींचा धंदा आहे, शून्यातून उभा केलेला. (पानिपतात मराठी माणूस टिकू शकतो हे मी सिद्ध केलंय, पण त्याचं स्मारक कोणी बांधत नाही.) भांडवल म्हणजे एकच युक्ती. भाव पटला नाही की पाठ फिरवायची, सावकाश चालू लागायचं आणि मागे बघायचं नाही. तिसऱ्या दुकानापर्यंत हाक येतेच. लग्न नवं असताना दिल्लीच्या सरोजिनी नगर बाजारात मी असाच निघालो, तर बायको सुनंदा मागून म्हणाली, "अहो, घ्या ना, छान आहे." सौदा बुडाला. तिथून आर. के. पुरमच्या तिच्या माहेरापर्यंत मी तिला शिकवत आलो, "मी निघालो की हाक मारायची नाही. दुसरीकडे बघायचं." तिने ते जन्मभर पाळलं.

सुनंदा शाळेत इतिहास शिकवायची. निवृत्त होताना तिने एकच मागितलं. "दुब्रोवनिक शहराचा कोट समुद्रातून बघायचाय, शत्रूला दिसायचा तसा. आणि तुमच्या शेजारी बसून." म्हणून मी, ती आणि मुलगी मुक्ता, त्या किनाऱ्याच्या कडेकडेने बोटीतून आठवडाभर रमतगमत फिरलो. शेवटच्या दिवशी कोर्चुला बेटावरून निघालं की संध्याकाळी कोट दिसणार होता. सुनंदाने सकाळीच डेकच्या पुढच्या टोकाला दोन गाद्या मांडल्या होत्या.

तेवढ्यात कप्तान इवोने धक्क्याचं भाडं मागितलं.

"बोट तुझी, दोर तुझा आणि भाडं माझं?"

"करारात आहे, सर."

(आवाज न चढवणाऱ्या माणसाशी भांडणं फार कठीण. सगळा राग आपल्यालाच पुरवावा लागतो.)

"निम्मं देईन."

"नाही, सर."

"मग ठेव तुझी बोट. मी बसने जातो," म्हणालो आणि उतरलो. फोन केबिनमध्ये चार्जिंगला होता. सुनंदाकडे एक नजर टाकली. ती लगेच दुसरीकडे बघू लागली. शाबास!

पहिलं दुकान आइस्क्रीमचं. हाक नाही. दुसरं टोप्यांचं. हाक नाही. तिसऱ्यापाशी मी वाकून नाडी बांधली. (सँडलला नाडी नसते, पण पाठीमागून कोणाला कळतंय?) शेवटी चर्चपाशी नियम मोडून वळून पाहिलं. बोट बंदराच्या तोंडाशी पोहोचली होती. डेकवर सुनंदा. पाठ माझ्याकडे, अगदी शिकवली होती तशी.

बोटीवर काय झालं ते मुक्ताने नंतर सांगितलं. कप्तानाने विचारलं होतं, "मॅडम, सरांना बोलावू का?"

"अजिबात नको. त्यांचा सौदा चाललाय."

त्याने दोर सोडला. मुक्ता घाबरली. "आई, ये तो सच में जा रहा है यार."

"काही नाही गं. दुकानदार शटर अर्धं ओढतात ना, तसं करतोय. मागे बघू नकोस."

बोट खरंच निघाली हे सुनंदाच्या लक्षात आलं, तोवर धक्क्यावरच्या आमच्या जागेत दुसरी बोट शिरली होती. "सर बसने येतो म्हणाले होते," इवो म्हणाला. तेही शांतपणे.

बसच्या तिकीट खिडकीवर पाठ फिरवायची माझी हिंमत झाली नाही. बस दुपारनंतरची, फेरीबोटीत चढून बेटावरून पलीकडे जाणारी. समुद्राच्या बाजूच्या जागा भरलेल्या, मला डोंगर मिळाला. दुब्रोवनिकला पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. सुनंदा धक्क्यावर उभी होती.

"एक हाक मारायची होतीस!" मी ओरडलो.

"तुम्हीच नको म्हणाला होतात."

"बरं. दिसला कोट?"

"दिसला. ऊन उतरलं होतं. भिंती मधाच्या रंगाच्या झाल्या होत्या. 'अहो, बघा' म्हणून वळले, तर शेजारी नुसती गादी."



मुक्ताने काढलेल्या फोटोत कोट आहे, सुनंदा आहे आणि ती रिकामी गादी आहे. सुनंदाला तो दिवाणखान्यात लावायचा होता, म्हणून गेल्या रविवारी आम्ही सरोजिनी नगरात फ्रेम घ्यायला गेलो. दुकानदाराने लाज सोडून भाव सांगितला. सुनंदा सवयीने दुसरीकडे बघू लागली. मी तेवढे पैसे मुकाट्याने पुढे केले.

दुकानदाराने नोट उजेडात धरून दोनदा तपासली. मग सुनंदाने.