आत रेकॉर्ड न्हाई

आमच्या घरात रेकॉर्डींची चाळीसेक कव्हरं होती आणि रेकॉर्ड एकबी नव्हती. ऐकणाऱ्याला खोटं वाटतं. पण परतूरच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात बाहेरची एक अख्खी भिंत त्या चौकोनी पुठ्ठ्यांनी भरलेली होती, अन् वाजवायचं मशीन जन्मात आलं नव्हतं.

आमचे आण्णा पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवायचे, रोडच्या भिंतींवर बियाण्याच्या जाहिराती काढायचे. बाजारात एक लाऊडस्पीकरवाला होता, लग्नाला भोंगे लावायचा. बैलगाडीतनं खेड्यापाड्याला जाताना कव्हरं भिजायची, फाटायची, म्हणून तो रेकॉर्डी जाड कापडाच्या पिशव्यांत घालायचा अन् कव्हरं आण्णांना देऊन टाकायचा. आण्णा ती छातीशी धरून घरी आणायचे.

"लोकं शेंगा आणतेत," माय कपाळाला हात लावायची, "आमच्या घरी टरफलं येतेत!"

आण्णांना ती टरफलं म्हणजे जीव की प्राण. एका कव्हरावर बाईचा अर्धा चेहरा हिरवा, अर्धा लाल. एकावर नुसता काळा रंग अन् कोपऱ्यात केशरी दिव्याची एवढीशी वात. कव्वालीच्या कव्हरावर जांभळा पडदा, त्याच्या चुण्या अशा की हात लावून बघावं. "बघ, ही रेघ एका दमात मारलीय. मधी ब्रश उचलला असता तर कळलं असतं," असं म्हणत ते मला समोर उभी करायचे अन् चित्राच्या चेहऱ्यावर माझाच पंजा ठेवायला लावायचे. "चेहरा झाकून बघ. तरी चित्र उभं राह्यलं तर काढणारा पक्का. न्हाई तर नुसतं तोंड इकायचं काम." मी शाळेची वही सोडून तासन् तास हेच करायचे. आमच्या बाजारातल्या निम्म्या पाट्यांची अक्षरं ह्याच कव्हरांवरनं उचललेली. एका औषधाच्या दुकानाला तर भुताच्या पिक्चरची, रक्त ठिबकणारी अक्षरं होती. मालकालाच ती आवडली, मंग कोण काय बोलणार!

मी लग्नाची झाले तवाची गोष्ट, चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी साल असंल. दोन स्थळं "पेंटरची पोरगी" म्हणून परत गेल्ती. तिसरं मंठ्याकडचं आलं. पोरगा नव्या जालन्यात बियाण्याच्या कंपनीत कारकून, घरी थोडं शेत, हुंड्याची मागणी काई न्हाई. हे स्थळ गेलं तर पुढं काय, ह्या काळजीनं आण्णांनी आठ दिवसांत धड भाकर खाल्ली नव्हती. बघायला तिघं आले. पोरगा, त्याची आई अन् त्याचा मामा. मामाच्या डोक्याला असला मोठा गुलाबी फेटा की दारातनं वाकून यावं लागलं.

मी पव्ह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले, तर मामा माझ्याकडं न बघता भिंतीकडंच बघून राह्यला.

"वा! घरात मशीन हाय म्हणा की," तो म्हणाला. "लावा एखादी. ऐकू द्या."

आण्णांचा चेहरा पडला. "आत रेकॉर्ड न्हाई, पाव्हणं. नुसती कव्हरं हायेत."

"आम्ही काई मागितलं न्हाई बरं का! तरी लपवता व्हय?" असं म्हणत तो माणूस उठला की! सरळ भिंतीवरनं एक कव्हर ओढलं. आत बोटं घातली. रिकामं. दुसरं उलटं करून झटकलं. रिकामं. खिळ्यांनी कडा फाटत होत्या, आण्णा "हळू, हळू" म्हणत मागं मागं अन् हा एकेक कव्हर बाजंवर फेकून राह्यला. मी ट्रे हातात धरून दगडासारखी उभी. परक्या माणसानं आपल्या घरात येऊन असं करावं?

आणि मंग तो हसला. फेटा हलंस्तोवर हसला. "वरनं कव्हर झकास अन् आत ठणठणाट! काय वं पेंटर, पोरीचंबी असंच न्हाई ना?"

मी आण्णांकडं बघितलं, तर ते फाटलेल्या कडा बोटानं दाबत होते. मला राग त्या मामाचा आला अन् त्याच्याहून जास्ती आण्णांचा आला.

"हे जड लागतंय! हाय, ह्यात हाय!" मामा ओरडला. जांभळ्या पडद्याचं कव्हर होतं ते. त्यानं आतनं ओढून काढलं अन् निघालं काय, तर आणखी एक कव्हर. हातानं रंगवलेलं. हिरव्या लुगड्यातली बाई, डोक्यावर पदर, एक हात कानाशी, मान वर, तोंड उघडं. वर पिवळ्या अक्षरांत 'हळदीची गाणी'. खाली मायचं नाव, तेबी माहेरचं.

कुणी चित्राकडं बघतंय, कुणी दाराकडं, कारण तीच बाई चहाच्या कपबशा घेऊन दारात उभी होती. चार-पाच वर्षांची असल्यापासनं मी ती भिंत बघत आले, प्रत्येक चित्रावर पंजा ठेवला, अन् हे मला ठाऊक न्हाई! मायलाबी ठाऊक नव्हतं.

"मंठ्याकडं एका लग्नाची कमान रंगवायला गेल्तो," आण्णा खाली मान घालून म्हणाले. "तिथं हळदीला ऐकलं हिला. मंग मागणी घातली. इथं आल्यावर भावकीतलं कुणी तरी म्हणलं, बाजारात गाती काय ही. तवापासनं हिनं तोंड मिटलं. रेकॉर्ड काढायची आपली काय ऐपत? कव्हर तेवढं काढता येत होतं."

माझी माय गाती? माझी? जी अंघोळीचं पाणी उपसतानासुद्धा गुणगुणत न्हाई ती?

मामाला अजून जोर. "मंग म्हणा की बाई! मशीन न्हाई तर न्हाई."

मायनं कपबशा खाली ठेवल्या. पदर सारखा केला. मला वाटलं, आता हात जोडून माफी मागती. तिनं हात कानाशी नेला.

*मामा आला नवरदेवाचा, फेटा त्याचा भारी गं,*
*फेट्याखाली बघा कोणी, डोकं राह्यलं घरी गं!*

आगं माय! भांड्यावर भांडं आपटावं असा खणखणीत आवाज. शेजारणी दारात येऊन उभ्या. आण्णा मटकन खाली बसले. व्याह्या-विहिणीला गाण्यातनं नावं ठेवायची आपली रीतच हाय अन् गाण्यातल्या बोलाचा राग धरायचा नसतो, हे पाळण्यातल्या पोरालाबी कळतं. पण ती गाणी सुपारी फुटल्यावरची, लग्न ठरल्यावरची! हिनं ठरायच्या आधीच व्याही करून टाकला. गेलं स्थळ, म्हणलं मी मनात, बिलकुल गेलं.

मामाचं तोंड फेट्याच्या रंगाचं झालं. तो उठणार, तेवढ्यात पोराची आई, जी आल्यापासनं एक अक्षर बोलली नव्हती, पदर तोंडाला लावून खुसूखुसू हसायला लागली. हसता हसता तिनं गुडघ्यावर ताल धरला अन् त्याच चालीवर मायच्या गार झालेल्या चहाला नाव ठेवलं. मायनं उलटून तिच्या नथीला ठेवलं. तिनं आमच्या घराच्या बुटक्या दाराला. पोरगा गालातल्या गालात हसत बाजंवरची कव्हरं गोळा करून, पुसून, एकावर एक रचत होता. त्या पोराबद्दल माझं मत तिथंच झालं.

"आता गाणं झालंच हाय, तर सुपारी आणा," विहीणबाई मामाला म्हणाल्या. "गाण्याचा राग धरता का दादा?" आणली बिचाऱ्यानं.

पाव्हणे गेल्यावर मी ते कव्हर हातात घेतलं अन् मायच्या चेहऱ्यावर पंजा ठेवला. चेहरा झाकला तरी गळ्याची ताणलेली शीर दिसत होती, कानामागची बोटं दिसत होती. चित्र उभं होतं. मी ढसाढसा रडले. माय म्हणाली, "नाक लई मोठं काढलंय. मेल्यानं एवढी वरसं लपवलं अन् नाक धड न्हाई." नवऱ्याला "मेला" म्हणलेलं तिचं ते पहिलं अन् शेवटचं.

माझ्या हळदीला ती गायली. मंग गावातल्या सगळ्यांच्या हळदीला गायली. टेप आले, कॅसेटी आल्या, आमच्याकडंबी घेतला. पण टेप समोर ठेवला की तोंड मिटायची. "माणसं बसली असली तर म्हणते. डब्यात म्हणत न्हाई." किती विनवलं, किती भांडले मी. बधली न्हाई. आण्णा गेले, चार वर्षांनी तीबी गेली.

आता कव्हर काचेत बसवून आमच्या जालन्याच्या घरात लावलंय. मागच्या दिवाळीनंतर माझ्या पोरीला बघायला पाव्हणे आल्ते. शिकलेली, भली माणसं. पोराचे वडील त्या काचेपुढं उभे राह्यले, बराच वेळ बघितलं अन् कौतुकानं म्हणाले, "तुमच्या आईंची रेकॉर्ड निघाली होती? वा! लावा ना, ऐकू द्या."

तोच प्रश्न, तीच वेळ, पोरीच्या हातात तसलाच ट्रे. पोरगी माझ्याकडं बघून राह्यली. घरातला आवाज सांभाळून ठेवता आला न्हाई, म्हणून आण्णांची मान तवा खाली गेली होती, ते मला त्या घडीला कळलं.

"आत रेकॉर्ड न्हाई," मी म्हणाले, अन् चहा आणायला आत गेले.