खूण न केलेलं घड्याळ

दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक घड्याळाच्या मशीनवर आतून बारीकशी खूण कोरायची, ही घड्याळजींची चाळीस वर्षांची सवय. मशीन बदलल्याचा आळ कुणी घेतलाच, तर झाकण उघडून त्याचं तोंड बंद करता यायचं. पण हे काम शिकवणाऱ्या उस्तादांनी दिलेलं घड्याळ ऑनलाइन विकताना त्यांनी ना खूण केली, ना आतला फोटो काढला.

घेणारा आठवडाभर फोनवर ‘काका, काका’ करत होता. तेल कुठलं, चावी किती, सगळं अदबीने विचारायचा. घड्याळ मिळाल्यावर चार दिवसांत त्याने ‘बंद आहे’ म्हणून परत धाडलं आणि पैसे वसूल केले. घड्याळजींनी झाकण उघडलं. डबी तीच, आत मात्र भंगार मशीन. विक्रीची वेबसाइट चालवणारी कंपनी म्हणाली, मशीन बदलल्याचा पुरावा द्या.

बायको भडकली. “गावभर खुणा करत सुटता, मग उस्तादांच्याच घड्याळावर हात का आखडला?”

“खूण परक्याच्या भीतीने करतात गं. हा घरच्यासारखा बोलत होता.”

त्यांनी त्याला फोन लावला. भांडायचं नव्हतं, उस्तादांचं मशीन तेवढं परत मागायचं होतं. त्या हरामखोराने नंबर कधीच ब्लॉक केला होता.