तोलेबेकची पाचवी फेरी

अस्तानात जानेवारीत उणे तीस असताना रस्त्यावर सायकल चालवणारा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर पाहुणा. तोलेबेक दोन्ही नव्हता, म्हणून तो दिवाणखान्यात सायकल चालवायचा. मागचं चाक काढून सायकल ट्रेनरच्या यंत्रावर चढवलेली, खाली सासूने लग्नात दिलेला लोकरीचा जाड नमदा चौपदरी घातलेला, समोर पंखा, टॅब्लेट आणि तीन टॉवेल. दर मंगळवारी संध्याकाळी सहाला तो आपलं एकावन्न वर्षांचं पोट सांभाळत त्यावर बसायचा आणि पाच फेऱ्या मारायचा. एक फेरी म्हणजे चार मिनिटं जीव तोडून पायडल, मग तीन मिनिटं धापा. पाऊण तासाने तो खाली उतरायचा तेव्हा सोफ्यापासूनचं त्याचं अंतर एका इंचानेही वाढलेलं नसायचं.

"एवढा घाम गाळून जागच्या जागी राहणारा माणूस सरकारी नोकरीतच शोभतो," असं तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा.

नोकरी होती घराघरांतले गरम पाण्याचे मीटर तपासायची. कुठला मीटर खोटं बोलतो हे त्याला दारातूनच कळायचं. मुदत टळलेल्या मीटरला तो सील ठोकायचा, आणि वर घरमालकाला प्रामाणिकपणावर दहा मिनिटं सुनवायचा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण कुणीतरी त्याला बघूनच केली असावी.

सगळ्याची सुरुवात झाली मागच्या ऑगस्टात. ट्रायथलॉनमध्ये घरच्या तिघांचा संघ उतरला होता. पोहायला बायको शोल्पान, सायकलला तोलेबेक, धावायला मुलगी झिबेक. शोल्पान वेळेच्या आधीच पाण्याबाहेर आली. पुढे तोलेबेकला नव्वद किलोमीटरसाठी साडेतीन तास होते. पहिल्या तासात त्याने अशी काही सायकल हाणली की त्याला स्वतःचाच अभिमान वाटला. सत्तराव्या किलोमीटरला, उघड्या माळावरच्या वाऱ्यात, त्याच्या मांड्यांनी राजीनामा दिला. आयोजकांच्या टेम्पोतून, सायकलशेजारी उकिडवा बसून तो परत आला, तेव्हा झिबेक बुटाच्या नाड्या आवळून पाऊण तास एका जागी उभी होती.

"जाऊ दे पापा," ती म्हणाली. "बूट तरी नवे राहिले."

ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

झिबेक अल्माटीला शिकायची. हिवाळ्यात शोल्पानने भाजी चिरता चिरता सांगितलं, "तिच्या कॉलेजचा संघ तिला बोलावतोय. मार्चातल्या नौरोज सणाच्या आठवड्यात हो की नाही सांगायचंय."

"आणि आपला संघ?"

"आपला संघ टेम्पोतून येतो," शोल्पान म्हणाली.

हे त्याच्या जिव्हारी लागलं. पोरीने पुन्हा आपल्याबरोबर धावावं, एवढंच त्याला हवं होतं, आणि ते तोंडाने मागायची त्याला लाज वाटत होती. म्हणून त्याने मंगळवारच्या पाच फेऱ्या धरल्या. व्यायाम संपला की पडद्यावर हिरवी खूण उमटायची. तिचा फोटो तो लगेच झिबेकला पाठवायचा. तिचं उत्तर यायचं, 'छान.'

आता खरी गोष्ट. माणूस तासभर टिकवू शकेल असा पायातला जोर वॅटमध्ये मोजतात, आणि फेऱ्यांचं ओझं त्यावरून ठरतं. तोलेबेकचा आकडा होता अडीचशे. लग्नात, बारशाला, ऑफिसात, लिफ्टमध्ये, जिथे संधी मिळेल तिथे तो अडीचशे सांगून झालेला होता. त्या आकड्याच्या हिशेबाने चार फेऱ्या तो कसाबसा ओढायचा. पाचवीला पायडल कणकेत रुतल्यासारखं व्हायचं. पाय मंदावले की यंत्र आणखी आवळायचं. मग त्याचं बोट हळूच वजाच्या बटणावर जायचं, ओझं निम्मं व्हायचं, आणि हा उरलेली साडेतीन मिनिटं बागेत फिरायला आल्यासारखी काढायचा. यंत्र भोळं होतं. वेळ भरली की ते हिरवी खूण द्यायचं.

नौरोजला झिबेक घरी आली. दुपारी खालच्या मजल्यावरच्या झिलिखा आपा सणाच्या आंबट कोझेचं, म्हणजे दही-धान्याच्या पेजेचं, पातेलं घेऊन वर आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, पण कान हरणाचे. वाट्या भरून झाल्यावर त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "तोलेबेक, पोरा, तुझं ते यंत्र पाचव्या वेळी आजारी पडतं का रे?"

"कसलं पाचव्या वेळी, आपा?"

"चार वेळा माझ्या कपाटातल्या कपबश्या चांगल्या किणकिणतात. पाचव्या वेळी अर्ध्या मिनिटात गप्प. अकरा मंगळवार मोजलेत मी. तीस वर्षं रेल्वेची चाकं हातोडीने ठोकून ऐकलीत, तडा कुठे आहे ते कळतं मला. तुझं यंत्र धडधाकट आहे."

शोल्पानने वाटीत तोंड घातलं. अकरा आठवड्यांचं पितळ एका पातेल्यापायी उघडं पडलं होतं.

"मला माहीत होतं," झिबेक म्हणाली.

"कसं?"

"तू फोटो पाठवतोस ना, त्यात खाली नाडीच्या ठोक्यांची रेघ असते. चार डोंगर, आणि पाचव्याला सपाट माळ."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले होते. मला सवय आहे थांबायची."

आपांनी तोलेबेकच्या वाटीत न विचारता आणखी कोझे वाढली.

मग झिबेकनेच विचारलं, "अडीचशे कधी मोजले होतेस?"

"तीन वर्षं झाली."

"कशावर?"

"जिममधल्या यंत्रावर. ते जरा उदार होतं."

"असा मीटर लोकांच्या घरी सापडला तर काय करतोस?"

"सील ठोकतो," तोलेबेक म्हणाला आणि डोकं खाजवत उठला.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला नव्याने मोजायला बसवलं. वीस मिनिटं सलग, वजाच्या बटणावर टॉवेल टाकून. आकडा आला दोनशे अठ्ठावीस. बावीसच वॅट गेले होते, पण घरातलं कुणी गेल्यासारखा तो नमद्यावर बसून राहिला. "लिफ्टमधल्या लोकांना आता काय तोंड दाखवू?" तो म्हणाला.

"जिन्याने जात जा," शोल्पान म्हणाली. "व्यायाम होईल."

मग मंगळवार आला. झिबेकची गाडी साडेनऊची होती. सहाला तो बसला. नव्या आकड्याच्या चार फेऱ्या झाल्या, आणि पाचवी सुरू झाली. सोपी काही नव्हती. दुसऱ्या मिनिटाला पाय जड झाले, तिसऱ्याला त्याने यंत्राच्या कारखानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. बोट आपसूक टॉवेलकडे सरकलं. झिबेक शेजारीच उभी होती, त्याच्याकडे न बघता. ते बोट त्याने परत हँडलवर आणलं. शेवटचं मिनिट त्याला नीटसं आठवत नाही. शोल्पान सांगते की तो गुरासारखा हंबरत होता.

खूण उमटली. तेवढ्यात खालून गरम पाण्याच्या पाइपवर हातोडीचे ठोके आले. तोलेबेकने ते मोजले. पाच होते.

तो टॉवेल डोक्यावर घेऊन पडला असताना झिबेक स्वयंपाकघरातल्या टेबलावर वहीत काहीतरी मांडत बसली होती. "मागच्या वर्षी तू अडीचशेच्या ऐटीत निघालास, म्हणून सत्तरला फुटलास," ती आतूनच म्हणाली. "दोनशे अठ्ठावीस धरून चालवलंस, तर वारा असला तरी पोचतोस. बारा मिनिटं राखून."

तोलेबेक उठून बसला. "बाराच?" त्याने घाबरत विचारलं. "कॉलेजवाल्यांचं काय मग?"

"त्यांना कालच नाही म्हणून कळवलं," झिबेकने वही मिटली. "बारा मिनिटं पुष्कळ झाली, पापा. नाड्या बांधायला मला एक पुरतं."