लाल पेन्सिलीनं खोडलेली ओळ

छापखान्याच्या ओल्या शाईचा वास आला की आमच्या शहरातल्या चिकपेट बाजारातली ती दुपार आठवते. हिमालयात न्यायला कॉलेजची पोरं जमवायची म्हणून आमच्या गिरिभ्रमण मंडळानं पत्रक काढायला घेतलं होतं. तेवढ्यात तिथल्या वाटाड्याचं पत्र आलं: जुन्या कडक बर्फावर नवा बर्फ साचलाय, तो कधीही घसरेल, वरच्या उतारावर जाणं जिवावर बेतेल. ही ओळ मी पत्रकात ठळक घातली होती. छापून आलेल्या गठ्ठ्यात ती नव्हतीच! "अक्का, तुमच्या मंडळातल्या मैत्रिणीनंच काल येऊन खोडली की," म्हणत छापखान्याच्या अण्णांनी छपाईआधी तपासायचा कागद पुढे केला. लाल पेन्सिल तिचीच. आणि वाटाड्याचं पत्र आम्ही दोघींनी एकत्र वाचलेलं! तिला गाठलं तर म्हणते, "असं घाबरवलंस तर येणार कोण? तू कधी बर्फ पाहिलायस तरी?" "फ्रिजमधला. तू?" मी म्हटलं. संध्याकाळी मंडळाच्या खोलीत मी एकेका पत्रकावर ती ओळ हातानं लिहीत बसले. ती समोरच होती, हातात पेन धरून. तिनं त्याचं टोपण शेवटपर्यंत काढलं नाही. लाल रेघेपेक्षा ते टोपणच मला आजही जास्त झोंबतं.